बटण दाबल्यानंतरची शांतता

इंजिनं सुरू झाली होती, माझी उपकरणं तापून तयार होती, आणि विमानातले आम्ही तिघं एका शब्दाची वाट पाहत होतो.

हेडफोनमध्ये 'टक्' झालं. कॅप्टन बोरकुट्यांनी बोलण्याचं बटण दाबलं होतं. पुढे काही नाही. मागच्या सीटवरून मला त्यांची मान दिसत होती. कानाखालची एक शीर ताठ झालेली.

"खैरगाव टॉवर," ते म्हणाले, आणि परत थांबले.

आमच्या विमानाचं नाव होतं 'पापा किलो'. रेडिओवर प्रत्येक वाक्यात ते घ्यावंच लागतं. आणि 'प' हे अक्षर गप्पांत कधी सुटून जायचं, पण एरवी बोरकुट्यांच्या ओठांवर येऊन बसायचं ते उठायचं नाही.

त्यांच्या उजवीकडे बसलेल्या कॅप्टन दस्तूरांनी जरा वाट पाहिली. मग आपल्या बाजूचं बटण दाबून, गुळगुळीत आवाजात, ते स्वतःच बोलले, "खैरगाव टॉवर, पापा किलो, सर्वेक्षणासाठी निघायला तयार."

टॉवरवरून नियंत्रक गजभिये म्हणाले, "पापा किलो, निघा."

रेडिओवर इंग्रजीच बोलायची शिस्त असते. मी इथे ते सगळं मराठीत लिहिते आहे. पण पुढे एका ठिकाणी बोरकुटे खरंच मराठीत बोलले. ते येईल तेव्हा सांगेन.

"सॉरी हां, बोरकुटे," दस्तूर म्हणाले. "मागे शिकाऊ पोरांची रांग लागली आहे. नाहीतर मी बोललो नसतो."

 बोरकुट्यांनी विमान असं उचललं की माझ्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा घरंगळली नाही.

*

भूभौतिकीत एम.एस्सी. झाल्यावरची माझी ती पहिली नोकरी. पूर्व विदर्भात जमिनीखाली लोहखनिज कुठे आहे याचा चुंबकीय नकाशा हवेतून काढायचा होता. शेत नांगरल्यासारखं ते काम. विमान एका तासातून, म्हणजे ओळीतून, सरळ न्यायचं, टोकाला वळवायचं, शेजारच्या तासातून परत आणायचं. जमिनीपासूनची उंची कायम ठेवायची. टेकडी आली की तिच्यासोबत चढायचं, उतरली की उतरायचं. वैमानिकाचा हात थरथरला की माझ्या आलेखात ते लगेच दिसायचं. बोरकुट्यांच्या आलेखात फक्त जमीन दिसायची.

आमचा मुक्काम खैरगावच्या धावपट्टीवर होता. तिथे एक वैमानिक प्रशिक्षण शाळा होती, दोन मजल्यांचा टॉवर होता आणि एक कँटीन. कँटीन चालवणारा भास्कर रोज सकाळी बोरकुट्यांना विचारायचा, "काय देऊ साहेब?" आणि बोरकुटे म्हणायचे, "तर्री." मग भास्कर झणझणीत लाल तर्रीत बुडवलेले पोहे आणून ठेवायचा आणि बोरकुटे घाम पुसत, उचक्या देत ते संपवायचे. पाणी हवं असलं की रिकामा ग्लास उचलून म्हणायचे, "हा भर."

मला मोजायची आणि विचारायची सवय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सरळच विचारलं, "सर, तुम्ही नेमके कशावर अडता?"

ते खूश झाले. "बरं झालं विचारलंस, शास्त्रज्ञ बाई. लोक इ… इकडेतिकडे बघतात. आधी माझे शब्द पूर्ण करून देतात, मग माझी दया करतात."

"शब्द पूर्ण करून दिले तर वाईट काय?"

"चुकीचे देतात." त्यांनी हात पुसले. "मी मुलगी पाहायला गेलो होतो, मूल गावी. सासऱ्यांनी विचारलं, काय घेता? मी म्हटलं, 'प…' तर एकानं हातावर पेढा ठेवला. मी परत म्हटलं, 'प…' दुसरा पेढा. असे चार खाल्ले. मला प्… प्… पाणी पाहिजे होतं."

"मग?"

"मग काय. सगळे द्यायचं थांबले तेव्हा मुलीनं विचारलं, 'तुमचं बोलणं झालं का?' मी म्हटलं नाही. ती म्हणे, 'मग बोला.' अन् ऐकायला उभी राहिली." ते हसले. "तिच्याशीच केलं लग्न."

"आणि रेडिओ? तिथे तर 'पापा'च्या जागी दुसरा शब्द घालताच येत नाही."

"परवान्याच्या वेळी परीक्षकानं हेच विचारलं. की अडलास तर काय करशील? म्हटलं, थांबीन. शब्द येतो. उशिरा येतो, पण आजवर चुकीचा आला नाही."

चुकीचा आला नव्हता हे खरं. पण उशीर आता लोकांना खुपायला लागला होता. सकाळी शाळेची पाच-सहा विमानं धावपट्टीभोवती घिरट्या घालत असत. सगळ्यांना रेडिओची एकच वाहिनी. एकानं बटण दाबलं की तेवढा वेळ बाकीच्यांचं तोंड बंद. मागच्या महिन्यात बोरकुटे 'पापा'वर अडलेले असताना एका शिकाऊ मुलाला उतरायची परवानगी मागता आली नाही, तो घाबरून परत वर गेला. काही झालं नाही; पण शाळेनं आमच्या कंपनीला कळवलं. म्हणून मुंबईहून मुख्य वैमानिक कॅप्टन दस्तूर आले होते. तीन दिवस बोरकुट्यांच्या शेजारी बसून ते ठरवणार होते, की रेडिओ बोरकुट्यांकडे ठेवायचा की नाही.

नाही, असं ठरलं तर बोलायला दुसरा वैमानिक ठेवावा लागला असता, आणि आमच्या एवढ्याशा कंपनीत ते शक्य नव्हतं. मग बोरकुटे जमिनीवर.

"सोमवारपासून मी टेबल उडवणार बहुतेक," ते मला आदल्या संध्याकाळी म्हणाले होते. हसत म्हणाले, पण ताटातलं तसंच राहिलं होतं.

*

आम्ही निघालो होतो तो दस्तूरांचा तिसरा, शेवटचा दिवस. जानेवारी होता. जंगलावर धुरकट धुकं बसलेलं. सरळ खाली पाहिलं तर शेतं, तळी, झाडं सगळं स्वच्छ दिसे. जरा तिरपं पाहिलं की नुसतं दूध. वैनगंगेच्या पूर्वेला आम्ही आमचे तास ओढत होतो. सकाळपासून दस्तूर तीनदा बोरकुट्यांच्या ऐवजी बोलले होते. अगदी प्रेमानं. चौथ्या वेळी बोरकुट्यांनी बटण दाबलंच नाही. दस्तूरांकडे पाहून मान हलवली. दस्तूर बोलले.

मला ते आवडलं नाही. पण दस्तूर वाईट माणूस नव्हता हेही मला दिसत होतं. आदल्या दिवशी ते मला वडीलकीनं म्हणाले होते, "डिकरी, मला वाटतं विमान उडवायला मीच शिकावं त्याच्याकडून. पण वाहिनी सगळ्यांची असते ना?" 

इतक्यात हेडफोनमध्ये 'टक्' झालं.

मी सवयीनं बोरकुट्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावर नव्हता.

विमानाच्या रेडिओत शांततेचे दोन प्रकार असतात. कुणीच बोलत नसतं तेव्हाची शांतता बंद खोलीसारखी असते. आणि कुणी बटण दाबून अजून बोललेलं नसतं तेव्हाची निराळी. तिच्यात बारीक सरसर असते, पलीकडचं दार कुणीतरी उघडलं आहे पण आत आलेलं नाही, अशी. लहर येते, तिच्यावर आवाज नसतो. बोरकुट्यांसोबत महिनाभर उडाल्यामुळे मला ही दुसरी शांतता झोपेतही ओळखू आली असती. आता ती आमच्या विमानाबाहेरून येत होती.

सरसर थांबली. थोड्या वेळानं परत 'टक्', परत सरसर. परत बंद.

गजभिये वैतागले. "कोण बटण दाबून बसलंय? सगळ्यांनी आपापलं बटण तपासा. वाहिनी मोकळी ठेवा." मग त्यांचा सूर बदलला. "ईको लिमा, खैरगाव. तुमची जागा सांगा."

उत्तर नाही. फक्त 'टक्', आणि ती सरसर.

"ईको लिमा, खैरगाव. ऐकू येतंय का?"

"कोण आहे ईको लिमा?" मी विचारलं.

"उईके," बोरकुटे म्हणाले. "सोनल उईके. आज प… पहिल्यांदा एकटी दूर गेली आहे. एव्हाना यायला पाहिजे होती."

सोनलला मी ओळखत होते. गडचिरोलीची एकोणीस वर्षांची मुलगी. कँटीनमध्ये बसून हवामानशास्त्राची प्रश्नपत्रिका सोडवायची आणि ढगांची नावं मला विचारायची.

"कुणाचं तरी बटण अडकलं आहे," दस्तूर म्हणाले. "आणि त्या मुलीचा रेडिओ बंद पडलेला दिसतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"नाही सर." बोरकुट्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं होतं, दूरचं गाणं ऐकावं तसं. "अडकलेलं बटण सोडत नाही. ही दाबते, सोडते, परत दाबते. अडकलेलं बटण हिंमत नाही करत."

"म्हणजे?"

"कोणीतरी बोलायचं म्हणून राहिलं आहे. नि… निघत नाही आहे."

मी दस्तूरांकडे पाहिलं. त्यांनी आपलं बटण दाबायला अंगठा नेला. "मी टॉवरला सांगतो."

"सर," बोरकुटे म्हणाले. "हात."

एवढंच. आवाज चढवला नाही. दस्तूरांचा अंगठा बटणाजवळ थांबला, मग त्यांनी तो मागे घेतला. थोड्या वेळानं मी पाहिलं तर त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते, शाळेतल्या मुलासारखे. आज मी शिकवते. वर्गात एखादा विद्यार्थी उत्तर देताना अडला की माझे हात आपोआप तिकडेच जातात.

बोरकुट्यांनी बटण दाबलं. आता आमच्याकडून ती सरसर गेली. तिच्यानंतर त्यांचा आवाज. आणि तो मराठीत.

"सोनल. बेटा, मी बोरकुटे. तुझं बटण मला ऐकू येऊन राहिलं आहे. हो म्हणायचं तर ए… एकदा दाब. नाही म्हणायचं तर दोनदा. ऐकू येतं?"

काही क्षण बंद खोलीची शांतता.

टक्.

दस्तूरांच्या तोंडून पारशी गुजरातीत काहीतरी निघालं.

"गजभिये साहेब," बोरकुटे म्हणाले, "मला वाहिनी द्या."

गजभिये लगेच म्हणाले, "सर्व विमानांनी गप्प राहा. उतरायचं असेल त्यांनी वरच फिरत राहा. बोरकुटे, बोला." मग जरा थांबून, "तिच्याकडे तासाभराचं इंधन असेल. जास्त धरू नका."

आता सांगते ते मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की मी वाढवून सांगते. हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न विचारून एखादी गोष्ट शोधायची तर प्रत्येक प्रश्नानं उरलेली शक्यता अर्धी व्हावी लागते. हे आम्हाला विद्यापीठात शिकवलेलं होतं, फळ्यावर. बोरकुट्यांनी ते माझ्या डोळ्यांसमोर हवेत केलं, आणि तेही एकेक शब्द ओठांवर अडत असताना. मला वाटतं त्यांना ते सोपं गेलं. आयुष्यभर त्यांनी तेच तर केलं होतं. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त कसं सांगायचं.

"लागलं आहे कुठं?"

टक् टक्.

"इंजिन ठीक?"

टक्.

"कुठं आहेस, ठाऊक आहे?"

टक् टक्. हे दोन ठोके जरा घाईत आले.

"क… काही हरकत नाही. मला ठाऊक होईल. जाताना नदी ओलांडलीस?"

टक्.

"येताना परत ओलांडली?"

बराच वेळ गेला. टक् टक्.

"म्हणजे नदीच्या पूर्वेला आहे. आपल्याच अंगाला," बोरकुटे बटण सोडून आम्हाला म्हणाले.

"तिला विचार, होकायंत्र काय दाखवतं," दस्तूर कुजबुजले.

"हो-नाही, सर."

"अच्छा. मग विचार, तलाव दिसतो का?"

"सर, हा भंडारा-गोंदियाकडचा मुलूख आहे. इथं तलाव कुठं नाही?" त्यांनी बटण दाबलं. "सोनल, रेल्वेचे रूळ ओलांडले?"

टक्.

"त्यानंतर मोठा तलाव आला? दुसरा काठ धुक्यात जाते, असा?"

टक्.

"आता आहे खाली?"

टक्. जोरात. म्हणजे ठोक्याला जोर नसतो हे मला माहीत आहे. बटण एक तर दाबलेलं असतं, नाहीतर नसतं. तरी मला जोर ऐकू आला.

असे मोठे तलाव रुळांच्या पूर्वेला दोन होते. माझा नकाशा समोरच होता. एकाच्या दक्षिणेला सपाट भातशेती, दुसऱ्याच्या दक्षिणेला डोंगर. त्या डोंगरावरून आम्ही आदल्या आठवड्यात चढत-उतरत गेलो होतो. आलेखात तो उंटाच्या पाठीसारखा दिसत होता.

"सर, डोंगर विचारा," मी म्हटलं.

"शाबास." बटण. "सोनल, काठाला लागून डोंगर आहे? झाडीचा?"

सरसर आली आणि बराच वेळ राहिली. ती बघत असणार. मग सरसर गेली, आणि आम्हाला कळेना की हा एक ठोका होता की दुसरा यायचा आहे. मी नकाशावर बोट धरून ठेवलं. दुसरा आला नाही.

"एकच होता," मी म्हटलं.

बोरकुट्यांनी तोवर विमान वळवलंही होतं.

"सोनल, मी येऊन राहिलो आहे. तू तिथंच गोल फिर. डाव्या हातानं. उंची सोडू नको. तलाव डाव्या खि… खिडकीत ठेव. मी काही बोललो नाही तरी मी आहे. समजलं?"

टक्.

*

वाटेत ते फार बोलले नाहीत. पण दर थोड्या वेळानं नुसतं बटण दाबायचे आणि सोडायचे. टक्. पलीकडून उत्तर यायचं. टक्. ही कुठल्या पुस्तकातली पद्धत नव्हती. गजभिये टॉवरवर ऐकत होते, वर घिरट्या घालणारी शाळेची चार विमानं ऐकत होती, आणि एकही जण मध्ये बोलला नाही.

तलाव आला, म्हणजे खाली धुरातून पत्र्यासारखं काहीतरी चमकलं. "आता सगळ्यांनी डोळे फाडा," बोरकुटे म्हणाले. मी डावीकडची खिडकी घेतली, दस्तूरांनी उजवीकडची. हात मात्र मांडीखालीच.

विमान मला दिसलं नाही. मला त्याची सावली दिसली. पाण्यावरून एक छोटी काळी फुली सरकत गेली.

"खाली! सर, सावली! पाण्यावर!"

सावलीवरून सूर्याकडे नजर नेली की विमान सापडायला हवं. सापडलं. पांढरं, आमच्यापेक्षा जरा वर, शहाण्या मुलीसारखं डावीकडे गोल फिरत असलेलं.

बोरकुट्यांनी आमचा वेग कमी केला, इतका की पंख कुरकुरले, आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन आम्हाला अलगद ठेवून दिलं. सोनल आम्हाला दिसली. ती आमच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ भराभरा हलत होते.

"ती बोलते आहे," मी म्हटलं.

"हो," बोरकुटे म्हणाले.

त्यांनी पंख एकदा हलवले. तिनं हलवले. मग आम्ही पुढे, ती मागे, अशी वरात पश्चिमेकडे निघाली. रूळ आले. नदी आली. नदीच्या वाळूवर आमच्या दोघांच्या सावल्या शेजारी शेजारी होत्या.

खैरगाव जवळ आलं तसं धुकं दाट झालं. धावपट्टी आम्हाला दिसत होती, कारण ती कुठे असते हे बोरकुट्यांना ठाऊक होतं. सोनलला ती दिसायला हवी होती. तिनं आता आम्हाला सोडून धावपट्टीकडे वळायचं होतं, आणि ते नेमक्या क्षणी.

बोरकुट्यांनी बटण दाबलं.

"सोनल. समोर बघ. नाकाच्या जरा उजवीकडे. प…"

पट्टी. तो शब्द मला माहीत होता, दस्तूरांना माहीत होता, टॉवरवर गजभिये यांना माहीत होता. मानेवरची शीर ताठ झाली. मी पाहिलं, दस्तूरांनी डोळे मिटून घेतले होते. हात मांडीखालून सुटायला धडपडत होते आणि ते सुटू देत नव्हते. वाहिनीवर आमची नुसती सरसर.

बोरकुट्यांनी बटण सोडलं, श्वास घ्यायला.

त्या फटीत आवाज आला: टक्.

कुणी काही विचारलं नव्हतं. तरी तिनं एकदा दाबलं होतं. हो. मी आहे. बोला.

त्यांच्या मानेवरची शीर सैल पडलेली मी पाहिली. त्यांनी बटण दाबलं.

"पट्टी," ते म्हणाले. "दिसली?"

टक्.

"मग जा. उतर. घाई नको. गजभिये साहेब, आधी ती."

"आधी ती," गजभिये म्हणाले.

ती जरा वाकडी उतरली. एकदा उसळली, मग टेकली. आम्ही वरून एक फेरी मारून तिच्यामागे उतरलो. उतरण्याची परवानगी मागायला बोरकुट्यांना बराच वेळ लागला. 'पापा' नेहमीपेक्षाही जास्त अडला. दस्तूर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

*

कँटीनमध्ये शाळेतली सगळी पोरं जमली होती. सोनल बाकावर बसली होती, हेडफोन अजून गळ्यात. गजभिये टॉवरवरून धावत खाली आले होते. हेडफोनची लोंबती वायर उचलून त्यांनी टोक सगळ्यांना दाखवलं. माइकची पिन मुळाशी तुटून नुसती अडकून राहिली होती. ऐकू सगळं येत होतं. बटण चालत होतं. फक्त आवाज पुढे जात नव्हता.

आम्ही आत शिरलो तशी ती उठून उभी राहिली.

"सर, मी पूर्ण वेळ बोलत होते," ती बोरकुट्यांना म्हणाली. रडण्यापेक्षा तिला राग जास्त आलेला होता. "अगदी पहिल्यापासून. जागा सांगत होते, डोंगर सांगत होते, नाव सांगत होते. शेवटी तर ओरडत होते. आत सगळं होतं सर. कोणाला ऐकूच जात नव्हतं."

बोरकुटे तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म… म्…" त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. "मालूम आहे," ते म्हणाले.

मग सोनलही हसली, आणि मग ती रडली.

दस्तूर खुर्ची ओढून बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते मनगटं चोळत होते. "माझे हात झोपले," ते म्हणाले. "बोरकुटे, छत्तीस वर्षं उडतो आहे मी. बटण अडकलं, इतकंच मला ऐकू आलं." त्यांनी बोटं मोकळी केली. "रेडिओ तुझ्याकडेच राहील. मी मुंबईला सांगतो. आणि ती शाळा सकाळी पोरांना हवेत सोडते ना, त्याच्या आधी अर्धा तास तू निघ. वाहिनी मोकळी असेल. एवढंच करायचं होतं. आम्हाला कुणाला सुचलं नाही."

"मला सुचलं होतं," बोरकुटे म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत होतो. तुम्ही व… वाक्य पूर्ण केलं."

दस्तूर आधी लाल झाले, मग मोठ्यानं हसले, आणि तेवढ्यात भास्कर फडकं खांद्यावर टाकून आला.

"काय देऊ साहेब? नेहमीचंच?"

बोरकुट्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सोनलकडे पाहिलं. मग परत उघडलं.

"प…"

भास्कर गोंधळला. त्यानं ग्लास भरायला जग उचलला. सोनलनं त्याचा हात धरला. कँटीनमध्ये दुधाच्या पातेल्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. दस्तूरांचे हात परत मांडीखाली गेले होते.

"प्… पोहे," बोरकुटे म्हणाले. "साधे."

"अन् तर्री?"

"नको."

"काहून साहेब? रोज तर मागता."

बोरकुट्यांनी कपाळ पुसलं. "भास्कर," ते म्हणाले, "मला तर्री कधीच आवडली नाही रे."